वाट किती वाकडी करावी

‘जमलं तर जरा वाट वाकडी करून या आमच्याकडे,’ असं आपण सहज म्हणून जातो. समोरचा मनात हिशेब करतो. किती किलोमीटर वाढतील, वाटेत चढ आहे का, परतताना अंधार होईल का, आणि जिथे जायचं ते घर एवढ्याच्या मोलाचं आहे का? सायकलीचा मार्ग काढून देणारा प्रोग्रॅम रस्त्याच्या प्रत्येक तुकड्यापाशी नेमका हाच हिशेब करत असतो. हा एक किलोमीटर टाळता यावा म्हणून सायकलवाला किती किलोमीटर वाट वाकडी करेल? या प्रश्नाचं उत्तर एका आकड्यात मांडायचं, की झाला त्या रस्त्याचा दर. बाकीचं गणित जुनं आहे. डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने ते १९५६ साली रचलं आणि १९५९ साली छापलं. स्वस्तात स्वस्त मार्ग कसा शोधायचा, हे तेव्हापासून पक्कं ठाऊक आहे. ‘स्वस्त’ कशाला म्हणायचं, हे मात्र ते गणित सांगत नाही. ते कुणा माणसाला बसून ठरवावं लागतं, आणि मला त्यातलीच गोडी वाटते.

हा हिशेब उघड्यावर बघायचा असेल, तर ब्राउटर हा प्रोग्रॅम फार सोयीचा. तो ओपनस्ट्रीटमॅप या, लोकांनी मिळून बनवलेल्या आणि कुणालाही दुरुस्त करता येणाऱ्या नकाशावर चालतो, फोनवर इंटरनेटशिवायही चालतो, आणि त्याचं सगळं दरपत्रक ‘प्रोफाइल’ नावाच्या एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतं. कुणीही ती उघडावी, आकडा बदलावा, परिणाम पाहावा. त्याचा खर्च मीटरमध्ये मोजतात. तुकड्याची लांबी गुणिले त्या रस्त्याचा दर, अधिक उताराची आकारणी, अधिक वळणाचा दंड, अधिक कुठे फाटक किंवा फेरीबोट आली तर तिची प्रवेश फी. एवढीच बेरीज.

त्याच्या ‘ट्रेकिंग’ या नेहमीच्या प्रोफाइलमध्ये वस्तीतल्या आणि गावोगावच्या छोट्या रस्त्यांचा दर १.१ आहे. त्याहून थोड्या मोठ्या रस्त्याला १.४, त्याच्या वरच्या वर्गाला १.६, आणि नकाशात ‘प्रायमरी’ अशी खूण असलेल्या मोठ्या रस्त्याला, सायकलींसाठी काही सोय नसेल तर, ३. पायऱ्यांना ४०. म्हणजे जिन्यावरून १० मीटर सायकल उचलून न्यायची, तर प्रोग्रॅमच्या वहीत ४०० मीटर लागतात. खांद्यावर सायकल घेऊन जिना चढलेल्या कुणालाही हा भाव रास्त वाटेल. दर १०,००० झाला की तो रस्ता बंदच समजायचा. द्रुतगती मार्ग त्यात मोडतात. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर सायकलीला बंदी आहे आणि नकाशातही त्याची खूण तशीच आहे, त्यामुळे प्रोग्रॅम तिकडे वळत नाही. दुसऱ्या रस्त्याने नेतो.

या दरपत्रकातला एक नियम नवखे लोक हमखास मोडतात. कुठल्याही रस्त्याचा दर १ पेक्षा कमी ठेवायचा नाही. कालव्याकाठचा सावलीचा रस्ता फार आवडतो, त्याला बक्षीस म्हणून ०.७ देऊ, असं वाटणं साहजिक आहे. पण प्रोग्रॅम शोध घेताना सतत एक अंदाज बांधतो, की इथून मुक्काम सरळ रेषेत इतका दूर आहे, म्हणजे उरलेला खर्च निदान तेवढा तरी होणारच. या अंदाजाच्या जोरावर तो चुकीच्या दिशेची हजारो गावं न पाहताच सोडून देतो. एक जरी रस्ता सरळ रेषेपेक्षा स्वस्त निघाला, तरी तो अंदाज खोटा ठरतो, आणि मग चांगला मार्ग बाजूला राहून भलताच हाती येऊ शकतो. म्हणून आवडता रस्ता १ वर ठेवायचा आणि बाकीचे महाग करायचे. फळ तेच मिळतं, हिशेबही शाबूत राहतो.

आता चढ-उतार. या सगळ्या कारभारातला मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग हाच. ट्रेकिंग प्रोफाइलमध्ये चढाला पैसा लागत नाही. चढाचा दर शून्य आहे. दर लावलाय तो उताराला: दीड टक्का (शंभर मीटरला दीड मीटर) उतार सोडून त्यापुढे गमावलेल्या प्रत्येक मीटर उंचीमागे ६० मीटर. पहिल्यांदा वाचणाऱ्याला ही छपाईतली चूक वाटते. घाट चढताना फेस आलेला माणूस तर चिडेलच.

पण थोडं कागदावर मांडून पाहा. खोपोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६० मीटरवर आहे, लोणावळा सुमारे ६२० वर. खोपोलीहून लोणावळ्याला कुठल्याही वाटेने जा, एकूण चढ हा एकूण उतारापेक्षा ५६० मीटरने जास्त भरणार, कारण दोन्ही टोकं जागची हलत नाहीत. समजा एका वाटेवर ९०० मीटर चढ आणि ३४० मीटर उतार आहे, दुसरीवर ७०० चढ आणि १४० उतार. चढाकडून मोजलं तर फरक २०० मीटरचा, उताराकडून मोजलं तरी २०० मीटरचाच. मीटरला ६० लावले की दोन्हीकडून दुसरी वाट १२ किलोमीटरने स्वस्त ठरते. मार्गांची तुलना करायची असेल, तर दोन्हींपैकी एकीकडे दर लावला तरी पुरतो. दोन्हीकडे लावला तर एकाच मालाची किंमत दोनदा घेतल्यासारखं होतं.

मग उतारच का निवडला? कारण श्रम वाया जातात ते उतारावर. चढताना घातलेली ताकद उंचीच्या रूपाने साठून राहते. उतार सौम्य असेल तर ती जशीच्या तशी परत मिळते, पॅडल न मारता सायकल आपल्या चालीने जात राहते. उतार तीव्र असेल तर तीच ताकद वाऱ्यात आणि ब्रेकच्या रबरात जळून जाते. ही सीमारेषा कुठे येते, ते ब्राउटरच्याच आकड्यांनी काढता येतं. प्रवासाचा वेळ सांगण्यासाठी तो स्वार आणि सायकल मिळून ९० किलो वजन धरतो, पायाची ताकद १०० वॉट, टायरच्या घर्षणाचा गुणांक ०.०१ आणि वाऱ्याच्या अडथळ्याचा आकडा ०.२२५. दीड टक्का उतारावर ९० किलोला खाली ओढणारा जोर साधारण १३.२ न्यूटन येतो. त्यातले ८.८ टायर खातात. उरलेल्या ४.४ मध्ये वाऱ्याशी बरोबरी होते ती ताशी १६ किलोमीटरला. म्हणजे दीड टक्क्यावर हात-पाय न हलवता सायकल अगदी सायकलीच्या वेगाने जाते. ब्रेक नको, पॅडलही नको. एवढा उतार फुकट, त्यापुढचा विकत. दीडचा आकडा असा नीट जुळतो.

साठचाही जुळतो. ९० किलो एक मीटर वर उचलायला सुमारे ८८३ जूल लागतात. सपाटीवर १०० वॉटने हीच सायकल ताशी २१ किलोमीटरच्या थोडी वर जाते, आणि तेव्हा तिला अडवणारा जोर असतो साधारण १६.८ न्यूटन. भागाकार केला की कळतं, एक मीटर चढ म्हणजे सपाटीवरचे ५२ मीटर. कॅरिअरवर पाठपिशव्या, तंबू, पाण्याच्या बाटल्या धरून वजन ११० किलो केलं, तर उत्तर बरोबर साठाच्या घरात येतं. सामान लादून लांब जाणाऱ्यासाठी हा दर किती सच्चा आहे! उलट, कार्बनच्या सायकलीवर रिकाम्या पाठीने पहाटे घाट मारायला निघणाऱ्याला तो चढा वाटेल. त्याने तो निम्मा करावा, किंवा शून्य करावा, कारण त्याला घाटच हवा असतो.

यातून एक विचित्र दिसणारी गोष्ट घडते. लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरताना प्रोग्रॅम दाखवतो तो खर्च, खोपोलीहून वर चढण्याच्या खर्चापेक्षा जास्त असतो. हिशेबापुरता सलग उतार १२ किलोमीटरचा धरू. त्यातला दीड टक्का, म्हणजे १८० मीटर, फुकट. उरले ३८० मीटर, गुणिले ६० म्हणजे २२,८०० मीटर. अंतर १२ किलोमीटर आणि वर २३ किलोमीटरचा आकार! हे पाहून प्रोग्रॅम बिघडला म्हणणारे बरेच भेटतात. बिघडलेलं काही नाही. हा आकडा जाण्याची आणि येण्याची तुलना करण्यासाठी नाही, एकाच दोन गावांमधल्या वाटांची तुलना करण्यासाठी आहे. घाट उतरणाऱ्या सगळ्या वाटांवर तो साधारण सारखाच पडतो. वेळेचा अंदाज वेगळा काढला जातो. पाच टक्के चढावर १०० वॉटमध्ये वेग ताशी ७ किलोमीटरच्या खाली येतो, आणि ५६० मीटर नुसतं वर जायलाच ८२ मिनिटं लागतात. तो आकडा जायच्या-यायच्या प्रवासासाठी पाहावा.

हे गणित खरं कोकणात कसाला लागतं. रेवस–रेड्डीच्या सागरी मार्गाने गेलेल्यांना ठाऊक आहे, किनारा म्हणजे सपाटी नव्हे. गाव समुद्रकाठी, तिथून चढून सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, सड्यावर थोडी मोकळी हवा, की पुन्हा उतार खाडीपर्यंत. समजा सडा १०० मीटर उंच आणि उतार दोन किलोमीटरचा आहे. ३० मीटर फुकट, ७० मीटरचे ४,२०० मीटर. असे पाच सडे ओलांडले की २१ किलोमीटर वहीत चढले, शिवाय मूळ अंतर वेगळं. म्हणून प्रोग्रॅम संधी मिळेल तिथे समुद्र सोडून आतल्या बाजूला सरकतो. त्याचं चुकत नाही, त्याला समुद्राची किंमत कुणी सांगितलेली नसते. अलीकडच्या प्रोफाइलांत नदी, जंगल आणि गोंगाट यांचा विचार करण्याची सोय आहे. तरी ज्याला सड्यावरून दिसणारा समुद्र हवा, त्याने मध्ये दोन-तीन ठिकाणं स्वतःच्या हाताने टाकावीत, हे बरं.

आणि खाड्या. दाभोळहून धोपाव्याला, वेश्वीहून बागमांडल्याला, जयगडहून तवसाळला फेरीबोट जाते. दरपत्रकात बोटीला चढतानाच १०,००० मीटरची प्रवेश फी आहे आणि पाण्यावरच्या अंतराला ५.६७ चा दर. खाडी एक किलोमीटरची धरली तर बोट पडते १५.६७ किलोमीटरला. दाभोळला चिपळूणकडून वळसा घालायचा, तर याच्या कितीतरी पट अंतर पडतं, म्हणून तिथे बोट निर्विवाद जिंकते. पण शेवटची बोट सुटून गेली आहे का, ओहोटीला लागली आहे का, हे त्या १०,००० मध्ये कुठेच नाही. प्रोग्रॅमच्या लेखी बोट सतत धक्क्यावर उभी. संध्याकाळी दाभोळच्या धक्क्यावर पोचणाऱ्याने वेळापत्रक आधी फोनवर विचारून घ्यावं.

उंची मुळात येते कुठून? बहुतेकांकडे ती फेब्रुवारी २००० मधल्या अंतराळयान मोहिमेची आहे. ‘एंडेव्हर’ यानाने ११ दिवसांत रडारने पृथ्वीचा मोठा भाग मोजला. त्याचे ३ सेकंदांच्या (वेळेचे नव्हे, अंशाचे सेकंद) जाळीचे आकडे सर्रास वापरले जातात. आपल्याकडे एक चौकोन साधारण ९० मीटरचा पडतो. पठारावर हे उत्तम. सह्याद्रीत मात्र रस्ता डोंगराच्या कुशीतून जातो, एका हाताला कडा आणि दुसऱ्या हाताला दरी, आणि रस्ता सहा-सात मीटर रुंद. ९० मीटरच्या चौकोनात कड्याचा माथा, रस्ता आणि दरी यांची सरासरी होते. धरणाच्या पाण्याकाठून, डोंगराला धरून जवळजवळ सपाट जाणारा रस्ता आकड्यांत मात्र झोके घेत असल्यासारखा दिसतो. दाट झाडी असेल तर रडार जमिनीपर्यंत नीट पोचत नाही, मग झाडाची उंचीही डोंगरात धरली जाते. पुलाखालची दरी आणि बोगद्यावरचा डोंगर यांचंही तसंच. ग्राफहॉपर या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये म्हणून पूल-बोगद्यांच्या दोन टोकांच्या उंचीवरून मधली उंची काढतात.

ब्राउटरचा यावरचा उपाय म्हणजे उधारीची वही. उतार आला की लगेच पैसे मागायचे नाहीत, उंची आधी खात्यावर मांडायची. ५ मीटरपर्यंत काही मागत नाहीत. ५ ते १० च्या मध्ये, प्रोफाइलमध्ये सांगितलं असेल तर, हळूहळू वसुली. १० च्या वर गेलं की वरचं सगळं तिथल्या तिथे वसूल. मध्ये पुन्हा चढ लागला किंवा सपाटी आली, तर खात्यावरची उधारी तेवढी मिटते. यामुळे ओढ्यावरच्या फरशी पुलाची खोल उतरण किंवा रडारचा सात-आठ मीटरचा घोळ फुकटात सुटतो. पण घाटातला घोळ ३० मीटरचा असेल तर? उधारी १० मध्ये भरते, उरलेल्या २० मीटरचे १,२०० मीटर लागतात. असे वीस खोटे झोके आले की २४ किलोमीटर नुसते हवेतले! चांगला सपाट काठाचा रस्ता सोडून प्रोग्रॅम डोंगरापलीकडून नेतो, तेव्हा बहुधा कारण हेच असतं. मार्गाच्या उंचीचा आलेख उघडून पाहावा. करवतीच्या दात्यांसारखा दिसला तर विश्वास ठेवू नये.

वळणांचं थोडक्यात. प्रत्येक वळणाचा दंड ९० मीटर, तोही कोनाप्रमाणे: काटकोनाला ९०, मागे फिरण्याला १८०, सरळ जाण्याला शून्य. ताशी १५ किलोमीटरने ९० मीटर म्हणजे साडेएकवीस सेकंद. शहरातल्या गल्ल्यांतून दर पन्नास पावलांवर वळवणारा मार्ग यामुळे मागे पडतो, आणि ते योग्यच आहे. पण हा दंड डावं-उजवं जाणत नाही. आपल्याकडे डावीकडे वळणं म्हणजे कडेकडेने निघून जाणं, आणि उजवीकडे वळणं म्हणजे ट्रक, रिक्षा, बस यांच्या समोरून रस्ता ओलांडणं. वल्हाला हा प्रोग्रॅम वाहतूक कुठल्या बाजूने चालते ते पाहून दंड वेगवेगळा लावतो. त्याचा आणि ओएसआरएम या आणखी एका प्रोग्रॅमचा सगळा हिशेब मीटरऐवजी सेकंदांत आहे. ओएसआरएममध्ये सायकलीचा मूळ वेग ताशी १५ धरला आहे आणि सिग्नलचे फक्त २ सेकंद. पुण्याच्या कुठल्याही मोठ्या चौकात उभं राहिलेल्याला हे दोन सेकंद कुठून आले ते समजणार नाही. शहरासाठी वापरायचं तर तो आकडा आधी वाढवा.

आता आपल्याकडची मूळ अडचण. ही दरपत्रकं युरोपातल्या रस्त्यांवर घासूनपुसून तयार झाली आहेत. आपल्या नकाशात राष्ट्रीय महामार्गाला ‘ट्रंक’ म्हणतात, राज्य महामार्गाला ‘प्रायमरी’, जिल्हा मार्गाला ‘सेकंडरी’. ट्रंकचा दर ठेवताना डोळ्यांसमोर होता सायकलीला जागाच नसलेला वेगवान रस्ता. म्हणून तो इतका चढा, की प्रोग्रॅम त्याच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. आपल्याकडे मात्र अनेक महामार्गांना डांबरी बाजूपट्टी असते, रात्री पंक्चर काढणारा सापडतो, चहा मिळतो. उलट ज्या छोट्या रस्त्याला प्रोग्रॅम १.१ म्हणून पसंत करतो, तो खडी उखडलेला, मुरूम वर आलेला असू शकतो. पृष्ठभागाची खूण नकाशात नसली, तर असा रस्ता तो डांबरीच समजतो. इथे दर नव्याने मांडायला हवेत. बाजूपट्टीवाल्या महामार्गाला, एकट्याने रोज लांब जाणाऱ्यासाठी, २ ते २.५ पुरे, असं माझं मत आहे. पृष्ठभाग न लिहिलेल्या छोट्या रस्त्याला १.१ ऐवजी १.४. कच्च्याला कोरड्या दिवसांत २, आषाढ-श्रावणात ५. हे आकडे पाटीवर कोरलेले नाहीत. आपल्या पायाला आणि टायरच्या जाडीला विचारून बदलावेत.

बदलताना एका वेळी एकच आकडा बदलायचा. ज्या दोन गावांमधला उत्तम रस्ता आपल्याला पाठ आहे, अशा चार-पाच जोड्या घ्यायच्या आणि प्रत्येक बदलानंतर त्या सगळ्या पुन्हा काढून पाहायच्या. एक सुधारली की दुसरी बिघडते, हे दिसायला वेळ लागत नाही. दर ठरवताना तोच जुना प्रश्न विचारायचा: हा १ किलोमीटर चुकवायला मी खरंच ५ किलोमीटर फिरेन का? उत्तर ‘नाही, तीन फार तर’ असं आलं, तर दर ३. आणि १०,००० चा दंडुका जपून वापरायचा. एखाद्या पुलाचा २० मीटरचा तुकडा बंद केला की नदीपलीकडचा सगळा मुलूख तुटतो, आणि प्रोग्रॅम तीस किलोमीटर लांबच्या पुलावरून नेतो. तिथे सायकल हातात धरून चालता येतं, तर चालण्याचा दर लावावा. एकेरी रस्त्यावर उलट जाण्याला ब्राउटर लहान रस्त्यांवर दरात ४ ची भर घालतो. ओएसआरएम तिथे उतरून ढकलत जाण्याचा ताशी ४ किलोमीटर वेग धरतो, म्हणजे मूळ १५ च्या पावणेचार पट वेळ. दोन वेगळ्या घरांत बसून ठरवलेले हे भाव एकमेकांपासून फार लांब नाहीत.

दर बदलूनही मार्ग वेडावाकडा येत राहिला, तर दोष नकाशात शोधावा. सर्वांत नेहमीचा दोष म्हणजे एकमेकांना छेदणारे पण न जोडलेले रस्ते. पडद्यावर फुली दिसते, पण दोन्ही रेषांचा सामाईक बिंदू नसतो. प्रोग्रॅमच्या लेखी तिथे उड्डाणपूल आहे, त्यामुळे तो वळूच शकत नाही आणि पुढच्या फाट्यावरून फिरून येतो. संपादनाच्या पडद्यावर जवळ जाऊन तो बिंदू जोडायचा, एवढंच काम. तसंच पृष्ठभागाचं. आपल्या गावापासून तिठ्यापर्यंतचा तीन किलोमीटरचा रस्ता गेल्या उन्हाळ्यात डांबरी झाला असेल, तर त्या रेषेवर तशी खूण करायला दोन मिनिटं लागतात. डेटा नव्याने तयार झाला की त्या तीन किलोमीटरचा दर उतरतो, आणि लांबून येणारा कुणीतरी महामार्ग सोडून तिठ्यावर वळतो.